डॉक्सिसायक्लिन : गंभीर दुष्परिणामांची ओळख

टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक. १९६७ पासून वापरात. सातारा-सांगलीत त्याचे नाव कानावर येते ते मुख्यतः पुरानंतर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढले होते. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यात भेगाळलेल्या पायांनी वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. तो टाळण्यासाठी प्रौढांना डॉक्टरांच्या सल्ल्याने या औषधाची २०० मिलिग्रॅमची मात्रा देतात. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना सहसा अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले जाते.

मळमळ, पोट बिघडणे हे नेहमीचेच. गंभीर दुष्परिणाम विरळा. पण ते पूरकाळातल्या इतर दुखण्यांसारखे दिसतात, आणि ओळखण्यातली खरी अडचण तीच. जुलाबांचे खापर गढूळ पाण्यावर फुटते. मात्र सोबत ताप, पोटात तीव्र कळा किंवा शौचातून रक्त असेल, तर औषधामुळे बळावलेला मोठ्या आतड्याचा संसर्ग असू शकतो. तो गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवतो. त्यामुळे गोळी कधी घेतली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

निवारा केंद्रात घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळून लगेच आडवे झाले, की ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. छातीच्या मध्यभागी दुखते, घास उतरताना कळ येते. घरोघरी याला ‘पित्त’ म्हणतात आणि अँटासिड घेतात. त्याने औषधाचे शोषणही घटते. पेलाभर पाणी प्यावे आणि निदान अर्धा तास पाठ टेकू नये.

न थांबणारी डोकेदुखी आणि त्याबरोबर धूसर किंवा दुहेरी दिसणे, हे कवटीतला दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. उन्हात काम करणाऱ्यांची कातडी भाजल्यासारखी लाल होते. चेहरा, ओठ, जीभ सुजणे, धाप लागणे, किंवा तापाबरोबर अंगावर फोड आणि तोंड-डोळ्यांत व्रण दिसल्यास पुढची गोळी न घेता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा. लेप्टोच्या रुग्णाला पहिल्या मात्रेनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप चढला, तर ती अ‍ॅलर्जी नसून यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया असू शकते. मरणाऱ्या जिवाणूंतून सुटलेल्या घटकांमुळे ती उमटते. रक्तदाबही उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांची देखरेख हवी. हा निवाडा घरी करू नये.

संशयित दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करता येते.