चाळिशीनंतरचं गिरणगाव

चाळिशी उलटल्यावर हातचं काम जाणं आणि नवं शोधणं ही पाळी गिरणगावात पहिल्यांदा 1982 च्या संपानंतर आली, असं सगळेच धरून चालतात. लेखात तेच, भाषणात तेच. मी लालबागच्या चाळीत वाढले, पुढे आयुष्यभर रात्रशाळेत गिरणी कामगारांच्या मुलांना आणि काही कामगारांनाही शिकवलं. या इतिहासाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, बायकांपासून होते असं माझं ठाम मत आहे. ती सुरुवात वगळली तर संपानंतर गिरणगाव जगलं कसं, हे कळतच नाही.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, डिलाईल रोड असा गिरण्यांचा पट्टा उभा राहिला. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर इथून माणसं आली, तशा बायकाही आल्या. सूत कांडीवर भरणं, लडी करणं, वाया गेलेला कापूस निवडणं ही कामं बायकांची. 1920 च्या आसपास दर चार-पाच कामगारांमागे एक बाई होती. 1970 च्या दशकात हे प्रमाण शंभरात जेमतेम तीन-चारवर आलं.

हे आपोआप झालं नाही. रातपाळीला बायकांना बंदी होती. मुंबई इलाख्यात 1929 साली प्रसूती रजेचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, पण त्याचा खर्च मालकावर पडत असल्यामुळे बाईपेक्षा पुरुष बरा, असा हिशोब गिरण्यांनी मांडला. मग सूत भरण्याची, म्हणजे वाइंडिंगची, वेगवान यंत्रं आली आणि जिथे बायकांची रांग असायची तिथे मोजके पुरुष पुरू लागले. संघटनांनी मजुरीसाठी मोठे लढे दिले, पण बायका खात्यातून कमी होत गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी गिरणगाव बंद पडलं नाही.

माझी आजी त्यांतलीच. वाइंडिंगमध्ये होती. नवी मशीन बसली, खात्यातल्या बायका कमी झाल्या आणि पदरी मुलं असलेली आजी चाळिशीच्या उंबरठ्यावर घरी बसली. तिने खाणावळ घातली.

खाणावळ हा गिरणगावचा दुसरा उद्योग होता, असं म्हटलं तरी चालेल. गावाहून आलेले कामगार बहुतेक एकटे. एकेका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे. एका पाळीचे आले की दुसऱ्या पाळीचे निघायचे. चूल मांडायला ना जागा ना वेळ. त्यामुळे जवळच्या एखाद्या बाईकडे महिन्याचं जेवण बांधलेलं असायचं. आजीकडे आमच्याच संगमेश्वर भागातली माणसं यायची. सकाळी भाकरी-भाजीचा डबा, रात्री बसून जेवण, रविवारी बांगडा नाहीतर सुकट. पैसे पगाराला. तोवर वाण्याकडे उधारी आणि वाण्याने हात आखडता घेतला की सावकाराकडे मंगळसूत्र. आजीचं मंगळसूत्र वर्षातले कितीतरी महिने सावकाराच्या पेटीत असे आणि ती काळ्या मण्यांची नुसती पोत घालून भाकऱ्या थापत असे.

या धंद्याला कोणी धंदा म्हणत नव्हतं. परवाना नाही, नोंद नाही, बँकेत पत नाही. 1969 मध्ये चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि छोट्या धंद्यांना कर्ज द्या असं सरकार म्हणू लागलं, तरी खाणावळवालीला बँकेची पायरी चढवणारं कोणी नव्हतं. ते काम प्रेमा पुरव यांनी केलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, गिरणगावात कम्युनिस्टांबरोबर काम केलेल्या प्रेमाताईंनी 1975 मध्ये चौदा खाणावळवाल्यांना एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. गहाण ठेवायला कोणाकडे काहीच नव्हतं, म्हणून एकीची हमी बाकीच्यांनी घ्यायची. तिथून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तोवर खाणावळ आजीकडून आईकडे आली होती. पहिल्या चौदांत आई नव्हती, पण नंतरच्या गटांत होती. कर्ज हातात पडल्यावर तिने सगळ्यात आधी मंगळसूत्र सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी ज्वारी-तांदूळ रोखीने भरले. रोखीने भरल्यामुळे माल स्वस्त पडला, महिन्याला चार पैसे शिल्लक राहू लागले. स्वयंपाक तोच, माणसं तीच. फक्त भांडवलाचा भाव बदलला आणि घर सावरलं.

मग संप आला. बोनसचा वाद पेटला होता. ऑक्टोबर 1981 मध्ये कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या घाटकोपरच्या घरी गेले आणि तुम्हीच आमचं नेतृत्व करा म्हणून बसले. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, तसाच 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदाही जायला हवा होता, कारण त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच एकमेव मान्यताप्राप्त संघटना ठरत होती. संप मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. दरम्यान 1983 मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला, काही गिरण्या कमी माणसांत सुरू झाल्या आणि हजारो कामगारांना परत घेतलंच गेलं नाही.

ज्यांची गावाला शेती होती ते गावी गेले. संप इतका लांबला तो त्या शेतीच्या आधारावरच. पण जेवणारे गावी गेले आणि खाणावळी ओस पडल्या. आईच्या पंगतीला उरली ती गावाला काहीच नसलेली माणसं. त्यांना ती उधारीवर जेवू घालत राहिली. असं गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी केलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, तशी या उधारीच्या वह्यांचीही नोंद व्हायला हवी.

माझे बाबा कापडखात्यात लाईन जॉबर होते. आपल्या रांगेतले माग चालते ठेवणं ही त्यांची जबाबदारी. मागाच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय, धोटा कुठे अडखळतोय हे ते लांबून सांगत. संप झाला तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत ते फिरून आले. एकाही कारखान्यात त्यांना काम दाखवा असं कोणी म्हटलंच नाही. वय किती आणि आधी कुठे होतात, एवढंच विचारलं. गिरणीवाला म्हटला की संप करणार, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती. वय आणि गिरणी, दोन्ही त्यांच्या आड आलं.

मग भिवंडी. मुंबईतले कितीतरी विणकर तिथल्या यंत्रमागांवर गेले. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर, ना फंड ना रजा. वर्षभरात बाबांचा खोकला वाढला आणि ते परतले. घरी आईचं वेगळंच चाललं होतं. पंगत बंद करून तिने पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती आणि शेजारच्या दोघी-तिघी साड्यांना फॉल-पिको करत होत्या. संपानंतर चाळीचाळींतून शिलाई मशीन आल्या. जुन्या, कोणाकोणाकडून घेतलेल्या, सतत अडणाऱ्या. बाबा आधी शेजारणीची मशीन बघायला म्हणून बसले आणि पुढे मशीन दुरुस्ती हेच त्यांचं काम झालं.

त्यांचं ते बसणं मला अजून स्पष्ट आठवतं. मशीन आडवी पाडायची, हातचाक बोटाने सावकाश फिरवायचं आणि खालून बघायचं. सुई तळाशी जाऊन किंचित वर उचलली की धाग्याचा छोटासा फास पडतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक त्या फासात शिरायला हवं. केसभर आधी गेलं किंवा नंतर, की टाका सुटला. बाबा तो क्षण डोळ्यांनी पकडायचे, स्क्रू ढिला करून शटल जरा फिरवायचे, पुन्हा चाक फिरवायचे. टायमिंग लागलं की मशीन वेगात चालवून डोळे मिटून आवाज ऐकायचे. मागावर वीस-बावीस वर्षं हेच केलं होतं त्यांनी. नव्या कामात त्यांना नवं शिकावं लागलं ते गिऱ्हाइकाशी बोलणं, पैसे मागणं आणि हिशोब ठेवणं. ते आईने शिकवलं. दुरुस्तीसाठी घेतलेल्या दुकानाच्या कोपऱ्याची पागडी आईच्या मंडळातल्या कर्जातून उभी राहिली.

सगळ्यांचं असं जुळलं नाही. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वडापावची. वडापाव 1966 पासून दादर स्थानकाबाहेर विकला जात होता, पण गिरणगावच्या नाक्यानाक्यावर त्याच्या गाड्या वाढल्या त्या संपानंतर. कोणी लिफ्टमन झाले, कोणी बंद गिरणीच्याच फाटकावर वॉचमन. खात्यात ज्याच्या हाताखाली वीस माणसं होती त्याने सलाम ठोकायला उभं राहणं किती जड गेलं असेल, ते त्यांच्या मुलांना वर्गात शिकवताना मला रोज जाणवायचं. काही बाप स्वतःच रात्रशाळेत आले. दहावी नापास हा शेरा पुसला तर कुठे शिपायाची तरी जागा मिळेल, या आशेने मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसले. गिरणगावाला हे अगदीच नवं नव्हतं. गिरणीत काम केलेले नारायण सुर्वे आधी महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि शिकून पुढे शिक्षक झाले. त्यांचं नाव मी वर्गात नेहमी घेत असे.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. 1986 मध्ये केंद्राने कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. नवं काम शिकायला तीन वर्षांची उसंत, ही कल्पना मला आजही उत्तम वाटते. पण गिरणी कायमची बंद झाली असेल तरच हा निधी. मुंबईतल्या कितीतरी गिरण्या कागदावर चालू होत्या आणि कामगार मात्र रस्त्यावर होता. 1992 मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी आला. त्यात पुनर्प्रशिक्षणाचा शब्द होता, पैसा मात्र मुख्यतः स्वेच्छानिवृत्तीवर गेला. गिरण्यांच्या जमिनींचे नियम 1991 मध्ये झाले, 2001 मध्ये मालकांच्या सोयीने बदलले. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली, 6,925 घरांची. अर्ज दीड लाखाच्या घरात होते आणि संपाला तीस वर्षं झाली होती. बाबा तोवर गेले होते.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. चाळिशीनंतर नवं काम उभं राहतं ते जिद्दीवर, असं म्हणून आपण मोकळे होतो. जिद्द गिरणगावात कोणाकडे कमी नव्हती. भिवंडीला बारा तास उभं राहणाऱ्याकडेही होती आणि दारू जवळ करण्याआधी शेकडो दारं ठोठावलेल्यांकडेही होती. जे तगले त्यांच्याकडे आणखी तीन गोष्टी होत्या: बेताच्या व्याजाचं थोडं भांडवल, सहा-आठ महिने घर चालवणारी दुसरी कमाई आणि हातातलं जुनं कसब नव्या जागी कामाला येतं हे ओळखणारं कोणीतरी. आमच्या घरात या तिन्ही गोष्टी आईकडून आल्या आणि आईकडे त्या आजीच्या काळापासून, गिरणीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या अनुभवातून आल्या.

आजही पंचेचाळिशीतली माणसं कारखान्यांतून, बँकांतून, कॉम्प्युटर कंपन्यांतून बाहेर पडत आहेत. त्यांना स्वतःला बदला, नवं शिका असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. माझी विनंती माणसं नेमणाऱ्यांना आणि कर्ज देणाऱ्यांना आहे. समोर असं कोणी आलं तर वय लिहून घेण्याआधी त्याला काम करून दाखवू द्या. आणि ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांनी सल्ला थोडा कमी द्यावा, घरखर्चाचा भार मात्र काही महिने आपल्याकडे घ्यावा.