धर्मशाळेचं तोंड कुठे

धुळ्याहून खानदेशातलं पारोळं पस्तीसेक किलोमीटर. भरलेली बैलगाडी दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटर चालायची; म्हणजे वाटेत एक रात्र काढणं भागच. मुक्कामाच्या जागेची घडण मला या रात्रीतूनच समजते.

खानदेशातून सुरत-बुऱ्हाणपूरची वाट जात असे. इंग्रज वकील टॉमस रो 1615च्या नोव्हेंबरात नंदुरबार, चोपडा करत बुऱ्हाणपूरला पोचला. तिथल्या सराईत त्याला मिळालेल्या विटांच्या कमानदार खोल्या भट्टीएवढ्याच वाटल्या. त्याची तक्रार खरी असेल, पण सराई माणसाच्या ऐसपैस झोपेसाठी बांधलेलीच नव्हती. बाहेरून आंधळी भिंत, एकच दरवाजा, मधे चौक, चौकात जनावरं आणि माल, भोवती खणाखणाच्या खोल्या. दिवेलागणीनंतर दरवाजा लागला की आतले सगळे एकमेकांचे राखणदार. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने वर्णन केलेल्या साध्या सराया तर गवताने शाकारलेल्या झोपड्यांच्या होत्या. भोवती भिंत, नाहीतर नुसतं कुंपण. म्हणजे बांधकाम कच्चं चालेल, पण आवार बंदच हवं.

छप्पर मात्र मुलखाचं. इथे पाऊस बेताचा आणि ऊन जाळणारं, म्हणून घरं धाब्याची. लाकडी धारणांवर तुळया, त्यांवर कड्या, मग काटक्या आणि पाला, त्यावर चिखल, आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा जाड थर. ही माती भिजली की फुगते आणि फटी आपोआप बुजतात. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकावी लागते. एक वर्ष चुकलं की कड्या कुजायला लागतात. उन्हाळ्यात हेच धाबं झोपायची जागा. इतकं अचूक छप्पर आपण पत्र्यासाठी मोडून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

1803च्या आसपास होळकरांच्या फौजांची लूट आणि दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. 1818मध्ये इंग्रजी अंमल आला, पुढे वाटा निर्धास्त झाल्या, आणि रस्त्याकडेच्या धर्मशाळेचं रूप पालटलं. मागे एक भिंत, पुढे खांबांची उघडी पडवी, बैल समोरच्या झाडाखाली. आत वळलेली वास्तू रस्त्याकडे तोंड करून बसली. नुसता खर्च वाचवण्यासाठी हे झालं असं मला वाटत नाही. उघड्यावर झोपायची हिंमत आधी आली, पडवी नंतर.

1860च्या दशकात आगगाडी भुसावळ-जळगावला आली आणि कापसाच्या गाड्या स्टेशनांकडे वळल्या. पारोळ्याला रेल्वे आलीच नाही. इथला प्रवास रस्त्याचाच राहिला. आज सुरत-नागपूर हमरस्त्यावरच्या हॉटेलांपुढे ट्रक ओळीने उभे असतात. चौक आता इमारतीच्या पुढे आला आहे, दरवाजा उरलेला नाही, आणि माल राखायला क्लीनर केबिनमध्येच झोपतो.