लिनक्सच्या अद्ययावतीकरणानंतर प्रिंटर न सापडणे

लिनक्सच्या अद्ययावतीकरणानंतर प्रिंटर न सापडणे हा लिनक्सवर आधारित संगणकप्रणालींमध्ये वारंवार आढळणारा दोष आहे. कर्नल, छपाईव्यवस्था किंवा त्यांच्याशी संबंधित पॅकेजे नव्या आवृत्तीवर नेल्यानंतर, आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित छापणारा प्रिंटर संगणकाच्या यादीतून नाहीसा होतो. किंवा यादीत दिसतो, पण त्याच्याकडे पाठवलेले काम पुढे सरकत नाही. यंत्र बहुधा सुस्थितीत असते. यंत्र आणि छपाईचा आदेश देणारा प्रोग्रॅम यांच्यामधील साखळीची एखादी कडी तुटलेली असते. ती कोणती, हे ठरवण्याआधी संपूर्ण प्रणाली पुन्हा स्थापित करण्याचा उपाय बहुतेक वेळा निष्फळ ठरतो, कारण नव्याने स्थापित केलेल्या प्रणालीतही अखेर तीच नवी आवृत्ती येते.

पार्श्वभूमी

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमच एका प्रिंटरशी जोडला जातो. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. पूर्वीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा वेळी वापरकर्त्यांना संदेश जाण्याची सोय केली होती. नव्या प्रिंटरचा स्रोत त्यांना मिळाला नाही, कारण तो ज्याच्याकडे होता तो संशोधक गोपनीयतेच्या कराराने बांधलेला होता. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ज्या ड्रायव्हरचा स्रोत उघड नाही तो बदलत्या प्रणालीशी जुळवून घेता येत नाही, ही अडचण प्रस्तुत दोषाच्या मुळाशी आजही आहे.

लिनक्सवरील छपाईचे काम आज प्रामुख्याने ‘कप्स’ ही व्यवस्था पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचे काम सुरू केले व १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ॲपलने २००२ मध्ये ती आपल्या मॅक प्रणालीत स्वीकारली आणि २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. स्वीट २०१९ च्या अखेरीस ॲपलमधून बाहेर पडले. त्यानंतर लिनक्ससाठीचा विकास ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाकडे आला.

छपाईची साखळी

यूएसबी तारेने जोडलेला प्रिंटर सुरू केला की कर्नलला प्रथम केवळ एक यूएसबी उपकरण दिसते. त्यानंतर ‘यूएसबीएलपी’ नावाचे कर्नलचे मॉड्यूल त्या उपकरणाचा ताबा घेते आणि ‘डेव्ह’ निर्देशिकेत ‘यूएसबी’ या उपनिर्देशिकेखाली ‘एलपी०’ ही उपकरण-फाइल तयार होते. ही फाइल कायमची नसते. उपकरण जोडल्यावर कर्नल ती निर्माण करते व काढल्यावर पुसते. ‘प्रिंटरची फाइलच नाहीशी झाली’ या तक्रारीत म्हणून फाइल हरवलेली नसून ती तयारच झालेली नसते.

येथे एक गुंतागुंत आहे. कप्सने २००९ च्या १.४ आवृत्तीपासून ‘लिबयूएसबी’ या ग्रंथालयामार्फत प्रिंटरशी थेट बोलण्याची पद्धत आणली. या पद्धतीला ‘एलपी०’ लागत नाही. उलट यूएसबीएलपीने उपकरण धरून ठेवलेले असल्यास अडथळा होत असे. त्यामुळे त्या काळात हे मॉड्यूल प्रतिबंधित यादीत टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. १.६ आवृत्तीपासून कप्स मॉड्यूलला स्वतःच बाजूला सारू लागल्याने तो सल्ला अनावश्यक ठरला, पण अनेक संगणकांवर ती नोंद तशीच राहिली. ‘एलपी०’ हीच वाट वापरणारा एखादा जुना ड्रायव्हर पुढे अशा संगणकावर बसवला की तो प्रिंटर शोधूच शकत नाही. कालचा उपाय आजचा दोष होण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्रमुख कारणे

सर्वांत साधे कारण म्हणजे अद्ययावतीकरणानंतर संगणक पुन्हा सुरू न करणे. आर्चसारख्या वितरणांत नवे कर्नल बसताना जुन्याची मॉड्यूले डिस्कवरून काढली जातात. चालू कर्नल मात्र स्मृतीत जुनेच असते. अशा वेळी प्रिंटर जोडला तर यूएसबीएलपी भरण्यासाठी फाइलच सापडत नाही. डेबियन, उबुंटू व फेडोरा ही वितरणे मागील कर्नल काही काळ जपून ठेवत असल्याने तेथे हा प्रसंग क्वचित येतो.

२०२० नंतरच्या प्रणालींत ‘आयपीपी-यूएसबी’ ही सेवा कारण ठरू शकते. उबुंटू २०.१० पासून आणि डेबियन ११ पासून ती छपाईव्यवस्थेबरोबर येऊ लागली. जाळ्यावरील छपाईचा आयपीपी हा शिष्टाचार जाणणारे नवे प्रिंटर ती यूएसबी तारेवरूनच जाळ्यातील प्रिंटरसारखे सादर करते, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र तिने उपकरण ताब्यात घेतले की यूएसबीच्या जुन्या पत्त्यावर बांधलेली रांग निरुपयोगी होते. प्रिंटर गेलेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो. जुनी रांग काढून नव्याने सापडलेल्या नावाने रांग तयार करणे पुरते.

खरा त्रास जुन्या, स्वस्त लेसर प्रिंटरांचा. एचपी लेसरजेट १०२० व त्याच्या जातीच्या यंत्रांत स्वतःचे फर्मवेअर कायम साठत नाही. प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाल्यावर संगणकाने ते पाठवावे लागते. एचपीच्या ‘एचपीलिप’ या मुक्त पॅकेजात हे फर्मवेअर नसून ते वेगळ्या, बंद प्लगइनमधून येते, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अद्ययावतीकरणात एचपीलिप पुढे जाते, प्लगइन मागे राहते, आणि प्रिंटर दिवा लावून मुकाट बसतो. ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा चालवून जुळणारे प्लगइन उतरवले की तो पुन्हा छापू लागतो. त्यासाठी इंटरनेट हवे. या यंत्रांसाठी समुदायाने बनवलेला ‘फू२झेडजेएस’ हा पर्यायी ड्रायव्हरही आहे.

भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या कॅनन एलबीपी २९०० ची गोष्ट निराळी आहे. त्याचा ‘कॅप्ट’ ड्रायव्हर ‘सीसीपीडी’ या पार्श्वभूमी सेवेमार्फत ‘एलपी०’ या फाइलशी बोलतो. ६४ बिटी प्रणालीवर त्याला ३२ बिटी ग्रंथालयेही लागतात. अद्ययावतीकरणात ती काढली गेली, दुसरा प्रिंटर आधी जोडल्याने फाइलचे नाव ‘एलपी१’ झाले, किंवा सेवा आपोआप सुरू झाली नाही, तर परिणाम एकच दिसतो. स्रोत बंद असल्याने वितरणाच्या देखभालकर्त्यांना यात दुरुस्ती करता येत नाही.

जाळ्यावरील प्रिंटरांबाबत अलीकडचे एक कारण सुरक्षेशी निगडित आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली यांनी ‘कप्स-ब्राउज्ड’ या सेवेतील गंभीर त्रुटी उघड केल्या. त्यानंतरच्या दुरुस्त्यांत प्रिंटर शोधण्याचा जुना कप्स शिष्टाचार बंद करण्यात आला. त्यावर विसंबलेल्या कार्यालयांतील प्रिंटर यादीतून गेले; ते पत्ता देऊन हाताने जोडावे लागतात.

निदान

तपासणी यंत्राकडून प्रोग्रॅमकडे, म्हणजे साखळीच्या खालच्या टोकापासून करणे श्रेयस्कर. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा जोडलेली उपकरणे दाखवते. एचपीच्या उपकरणांचा उत्पादक क्रमांक ०३एफ० आणि कॅननचा ०४ए९ असतो. (आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत, टंकताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावीत.) या यादीत प्रिंटर नसेल तर दोष तार, यूएसबीचे तोंड किंवा खुद्द यंत्र यांत असण्याची शक्यता अधिक, आणि अद्ययावतीकरण हा केवळ योगायोग ठरतो.

यादीत प्रिंटर असेल तर ‘डीमेसेज’ने कर्नलचे संदेश पाहावेत. यूएसबीएलपीने उपकरण स्वीकारल्याची ओळ तेथे उमटते. ती नसल्यास चालू कर्नलची आवृत्ती आणि डिस्कवरील मॉड्यूलांची आवृत्ती जुळते का, तसेच मॉड्यूल प्रतिबंधित यादीत आहे का, हे पाहावे. त्यानंतर ‘एलपीइन्फो’ला ‘व्ही’ हा पर्याय देऊन कप्सला कोणती उपकरणे दिसतात हे कळते, तर ‘एलपीस्टॅट’ रांगांची स्थिती सांगते. उपकरण दिसते पण रांग थांबलेली आहे, असे आढळल्यास दोष ड्रायव्हर वा पत्त्यात असतो. कप्सच्या त्रुटी-नोंदवहीतील शेवटच्या काही ओळी बहुधा नेमके कारण सांगतात.

कर्नल दोषी की इतर पॅकेज, हे ठरवण्याची एक निर्णायक चाचणी आहे. संगणक सुरू होताना ग्रब या प्रारंभ-सूचीतून मागील कर्नल निवडावे. प्रिंटर परत आला तर दोष कर्नलमध्ये. न आल्यास कप्स, ड्रायव्हर किंवा आयपीपी-यूएसबी यांच्याकडे वळावे. डेबियन कुळातील वितरणांत ‘एपीटी’ची इतिहास-फाइल कोणत्या दिवशी कोणते पॅकेज बदलले हे नोंदवून ठेवते. ती आधी वाचल्यास बराच शोध वाचतो.

तालुक्याच्या गावातील परिणाम

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपासची झेरॉक्स व टंकलेखनाची दुकाने आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रे यांचा व्यवसाय पुष्कळदा एकाच लेसर प्रिंटरवर चालतो. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला, तरी पीककर्जासाठी बँकेत तो बहुधा कागदावरच न्यावा लागतो. असा संगणक लिनक्सवर असेल आणि प्रिंटर सकाळी सापडेनासा झाला, तर खोळंबा तारखेला बांधलेल्या माणसांचा होतो. जाणकार दुरुस्तीवाला जवळ असेलच असे नाही. कामाच्या दिवसांत अद्ययावतीकरण टाळणे आणि त्याआधी प्रिंटरचा पत्ता, ड्रायव्हर व त्याची आवृत्ती टिपून ठेवणे येथे विशेष उपयोगी पडते.

वीज गेल्याने अद्ययावतीकरण अर्ध्यावर थांबणे हेही अशा ठिकाणी लक्षात घेण्याजोगे कारण. पॅकेजे उतरलेली पण जुळवणी न झालेली, अशा अवस्थेत कप्सची सेवा सुरू होत नाही. डेबियन कुळात ‘डीपीकेजी’ला उरलेली सर्व जुळवणी पूर्ण करण्याची आज्ञा देणे हा त्यावरचा पहिला उपाय आहे. सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेने २००७ मध्ये आणलेली, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच आधारित असल्याने तेथे हेच उपाय लागू पडतात.

बदलती दिशा

कप्सच्या विकासकांनी ड्रायव्हर आणि त्यांच्या वर्णन-फाइली कालबाह्य घोषित केल्या असून नियोजित ३.० आवृत्तीत त्यांचा आधार काढला जाणार आहे. आयपीपी जाणणारे प्रिंटर त्यानंतरही चालतील. जुन्यांसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ ही योजना आहे: जुना ड्रायव्हर एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये गुंडाळला जातो आणि तो कप्सपुढे आधुनिक प्रिंटर म्हणून उभा राहतो. ओपनप्रिंटिंगने मुक्त ड्रायव्हरांसाठी असे प्रोग्रॅम तयार केले आहेत. कॅप्टसारख्या बंद ड्रायव्हरांना मात्र कप्सच्या जुन्या रचनेबरोबरच त्यांच्या ३२ बिटी ग्रंथालयांचाही आधार लागतो, आणि वितरणे ती हळूहळू कमी करत आहेत. एलबीपी २९०० साठी समुदायाने ‘कॅप्टड्रायव्हर’ नावाचा मुक्त पर्याय विकसित केला आहे. तो उत्पादकाच्या ड्रायव्हरविना चालतो.