तंबूची कनात आणि बिनकुलपाची सीडी

व्हीसीडीला कुलूप कधीच नव्हते. १९९३ साली या प्रकारच्या सीडीचे तांत्रिक प्रमाण ठरले, तेव्हा नक्कल रोखण्याची कोणतीही सोय त्यात ठेवली गेली नाही. तिच्यामागून आलेल्या डीव्हीडीवर सांकेतिक कुलूप होते आणि जगाचे विक्री-विभाग पाडणारे आकडेही होते. ते कुलूप १९९९ मध्ये फुटले, आणि फोडणाऱ्यांत नॉर्वेतला एक शाळकरी वयाचा मुलगा होता. धुळे-जळगावच्या बाजारात मात्र डीव्हीडीच्या आधी आणि तिच्या बरोबरीनेही स्वस्त व्हीसीडीच चालली. आज संगणकीय खेळांच्या जगात ज्याला ‘डीआरएम-मुक्त’ माल म्हणतात, तो खानदेशात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हातगाडीवर विकला जात होता.

डीआरएम म्हणजे विक्रेत्याने डिजिटल मालावर घातलेले कुलूप. विकत घेतलेली वस्तू किती यंत्रांवर, कोणत्या खात्यातून आणि कधीपर्यंत वापरायची, हे त्यानंतर खरेदीदाराच्या हाती राहत नाही. असे कुलूप न घालता खेळ विकणारी दुकाने इंटरनेटवर आहेत. त्यांत पोलंडचे ‘जीओजी’ सर्वांत प्रसिद्ध. तरीही कितीतरी लहान, स्वतंत्र स्टुडिओ आपला खेळ तेथे ठेवतच नाहीत. ‘चोरीची भीती’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि किती अपुरे, हे मालेगाव-धुळे-जळगावच्या व्हिडिओ-व्यवसायाकडे पाहिल्यावर कळते.

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. १८६९ साली नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा हा तालुका खानदेशातून काढून त्याला जोडला गेला. जिल्हा बदलला तरी वाट बदलली नाही. आग्रा रोडने धुळे तेथून पन्नासेक किलोमीटर, आणि गावाची बोली, बाजार, करमणूक यांचा ओढा खानदेशाकडेच राहिला. यंत्रमागांचे हे गाव. शुक्रवारी माग बंद आणि चित्रपटगृहे भरलेली. याच गावात नासिर शेख व्हिडिओगृह चालवत. दोन व्हीसीआर जोडून दृश्यांची काटछाट करण्याची कला त्यांनी स्वतःच अवगत केली होती.

व्हिडिओगृहांवर कायद्याची नजर होतीच. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ-फिल्म हा शब्द आला आणि चोरट्या प्रतींसाठीची शिक्षा वाढली. दुसऱ्याचा चित्रपट दाखवणे धोक्याचे ठरू लागल्यावर शेख यांनी स्वतःचाच चित्रपट काढला. २००० साली आलेला ‘मालेगाव के शोले’ सुमारे ५० हजार रुपयांत तयार झाला असे सांगितले जाते. कॅमेऱ्याच्या क्रेनचे काम बैलगाडीने करायचे आणि ट्रॉलीचे सायकलीने, ही या मंडळींची पद्धत. नक्कल दाखवण्यावर बंदी आली म्हणून नकलेचीच नक्कल करून नवी निर्मिती उभी राहिली, हा इतिहासाचा खट्याळपणाच म्हणायचा.

पण या चित्रपटाची कमाई कोठे झाली? कॅसेटवर नव्हे, दारात. ज्याने चित्रपट केला, तोच तो दाखवणारा होता. कॅसेट त्याच्या ताब्यात, पडदा त्याचा, तिकीटही त्याचे. मालाला कुलूप नसले तरी खोलीला दार होते.

खानदेशाला ही व्यवस्था नवी नव्हती. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची. अशा यात्रांतून तमाशाचे फड आणि फिरती टॉकीज पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आली. ढोलकीचा आवाज कनातीबाहेर जातोच. गाणे पाठ करून ते शेतात म्हणणाऱ्याला कोणी अडवत नाही. तिकीट असते ते आत बसण्याचे, त्या रात्रीचे, त्या गर्दीत असण्याचे. कलावंताची कला मोकळीच होती. कुलूप म्हणून जे काही होते, ते म्हणजे ती कनात.

घरोघरी सीडी प्लेयर आले आणि कनात कोसळली. खेळ एकदा सीडीवर उतरला की दार कोठे लावणार? मालेगावी विनोदी चित्रपट, अहिराणी गाणी, खानदेशी बोलीतले प्रहसन हे सारे सीडीवर निघू लागले आणि पहिली प्रत विकली जाताच तिच्या नकला निघू लागल्या. लहान निर्मात्यापुढे वाट उरली ती एकरकमी सौद्याची: व्यापाऱ्याला चित्रपट विकायचा आणि मोकळे व्हायचे. पुढचा नफा व्यापाऱ्याचा, आणि नकला बाजारात येईपर्यंतच्या थोड्या दिवसांत तो जेवढा होईल तेवढाच.

मोठ्यांसाठी तोडगे निघाले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरटी प्रत आणि अस्सल प्रत यांच्या किमतीतले अंतरच तिने पुसून टाकले. ही कंपनी मुळात कोऱ्या सीडी बनवणारी, म्हणजे ज्यांवर नकला निघत त्याच मालाची उत्पादक. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ही घातला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले आणि डिजिटल कुलूप फोडणे हाच गुन्हा झाला. ५० हजारांत चित्रपट काढणाऱ्याला यातले काय उपयोगी पडणार होते? वकिलाची फी त्याच्या सबंध चित्रपटाच्या खर्चाहून अधिक झाली असती.

असाच बाजार हजारो कोसांवर पोलंडमध्ये होता. तेथे सॉफ्टवेअरला कायद्याचे स्पष्ट संरक्षण १९९४ साली मिळाले. तोवर खेळांच्या नकला उघड्या बाजारात राजरोस विकल्या जात. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘सीडी प्रोजेक्ट’ या कंपनीने कुलपांवर भर न देता १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश आवाजांत, नकाशासह, भरगच्च पेटीत विकला. चोरट्या प्रतीत जे मिळत नाही, ते अस्सल प्रतीत द्यायचे, हे तिचे धोरण. २००८ मध्ये याच कंपनीने जुन्या खेळांसाठी बिनकुलपाचे दुकान उघडले, तेच जीओजी.

त्याच वर्षी ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा दोघा मित्रांनी केलेला खेळ संगणकावर कुलपाविना आला. खेळणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांकडे फुकटी प्रत असावी, असा अंदाज त्याच्या कर्त्यांनीच जाहीर केला. एवढे होऊनही त्यांनी कुलूप घातले नाही. २०१० मध्ये हाच खेळ ‘हम्बल इंडी बंडल’मध्ये होता. बंडल कुलपाविना, किंमत ग्राहक ठरवेल ती. आणि जमा झाले सुमारे १२.७ लाख डॉलर. बिनकुलपाचा माल विकला जातो, एवढे यावरून नक्की सिद्ध झाले.

मग लहान स्टुडिओ का थबकतात? कारण अडचण बहुधा कुलपाची नसते, हेलपाट्याची असते. अमेरिकेतील स्टीम हे खेळांचे सर्वांत मोठे दुकान. २००८ पासून ते ‘स्टीमवर्क्स’ नावाची साधने निर्मात्यांना मोफत देते. खेळाडूंच्या जोड्या लावणे, खेळ जेथे थांबवला तेथून पुन्हा सुरू करता यावा म्हणून नोंदी साठवणे, बक्षिसे देणे ही कामे दुकानच करते. दोन-तीन माणसांचा स्टुडिओ खेळ या साधनांवर उभा करतो, आणि दुसऱ्या दुकानात जायचे म्हटले की तो पायाच काढून नवा घालावा लागतो. पुढे प्रत्येक दुरुस्ती दोनदा चढवायची, दोनदा तपासायची. तसे न जमल्याने जीओजीवरच्या प्रती मागे राहिल्याच्या तक्रारी तेथील ग्राहक वर्षानुवर्षे करत आले आहेत. शिवाय जीओजी निवड करून माल घेते. २०१७ मध्ये ‘ओपस मॅग्नम’सारख्या वाखाणल्या गेलेल्या खेळाला तिने आधी नकार दिला, मागाहून घेतला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट गर्दीची. परीक्षणे जेथे साचतात, तेथेच नवा ग्राहक येतो. विक्री दोन दुकानांत विभागली की परीक्षणेही विभागली जातात.

गंमत अशी की स्टीमही कुलपाची सक्ती करत नाही. ते ऐच्छिक आहे, आणि तेथून उतरवलेले काही खेळ स्टीम बंद असतानाही चालतात. स्टुडिओ कुलपाच्या ओढीने तेथे जात नाहीत. यात्रा तेथे भरते, म्हणून तंबूही तेथे पडतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने हाच हिशेब केला असावा. ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली, ती मोहीम फसली. खेळ पूर्ण होऊन ऑगस्ट २०२० मध्ये आला, तो प्रथम निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे पूर्णपणे कुलूपबंद यंत्रावर. इतर यंत्रांची पाळी ऑक्टोबरमध्ये आली.

खानदेशी प्रहसनांची वाट याहून वेगळी नाही. मधल्या काळात मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ मिळे. निर्मात्याला त्यातून छदामही मिळत नसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि सीडीवाले थेट यूट्यूबवर गेले. तेथे पाहणे फुकट, पण दार पुन्हा उभे राहिले: जाहिरातीतून पैसे येतात आणि कोणी नक्कल चढवली तर यंत्रणा ती ओळखू शकते. फरक एवढाच की हे दार निर्मात्याच्या मालकीचे नाही. नासिर शेख यांच्या व्हिडिओगृहाची किल्ली त्यांच्याच खिशात असे.

किल्ली दुसऱ्याच्या खिशात असण्याचा अर्थ ३० जानेवारी २०१९ ला कळला. निन्टेन्डोने वी या यंत्राचे ऑनलाइन दुकान त्या दिवशी बंद केले. ‘वर्ल्ड ऑफ गू’ची एक प्रत तेथेही विकली जात असे. ती विकत मिळणे त्या तारखेला संपले. संगणकावरच्या बिनकुलपाच्या प्रतीला मात्र त्या तारखेने काहीच झाले नाही. मालेगावच्या जुन्या चित्रपटांना तर कोणा संग्रहालयाने जपले नव्हते. एका प्रतीच्या शंभर प्रती करता येत होत्या, म्हणून ते पेटीतून पेटीत आणि फोनमधून फोनमध्ये फिरत राहिले. ज्या नकलांनी निर्मात्यांचा धंदा बुडवला, त्यांनीच त्यांचे चित्रपट टिकवले.

नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांवरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला आणि दोनच महिन्यांत प्राइम व्हिडिओवर गेला. तेथे तो फोनमध्ये उतरवून ठेवता येतो, पण त्या अॅपबाहेर उघडत नाही, आणि वर्गणी संपली की अॅपमध्येही नाही.