औंधच्या पायऱ्या आणि एकवटलेले मत

कुंडल म्हटले की नाना पाटील आणि १९४३ नंतरचे प्रतिसरकार आठवते. पण हे गाव इंग्रजी मुलखात नव्हे, औंध संस्थानात होते. आणि तेथे जानेवारी १९३९ मध्येच एक निराळे स्वराज्य रीतसर कायद्याने आले होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतःची सत्ता सोडणाऱ्या त्या घटनेच्या आखणीत गांधीजी, मॉरिस फ्रीडमन व अप्पासाहेब पंत यांचा हात होता. राजाच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले; तेथे मताचा प्रवास कसा होई, याकडे मात्र आपण फारसे पाहिलेले नाही.

गावाने पाच पंच निवडायचे, पंचांनी अध्यक्ष, अध्यक्षांनी मिळून तालुका समिती, आणि तालुक्याने विधिमंडळासाठी प्रतिनिधी. मतदाराने ओळखीच्याच माणसाला निवडावे, हा त्यामागचा विचार आम्हांला आजही मोहक वाटतो.

अडचण हिशेबात आहे. शंभर मतदारांच्या गावात वीस जण दलित आहेत आणि गाव जातीवर मत देते, असे धरू. प्रत्येकाला पाच मते, पण एका उमेदवाराला एकच, असा नियम असेल तर ऐंशींचे पाचही पंच येतात. मुंबई प्रांतात १९३७ साली बहुसदस्य मतदारसंघांत सगळी मते एकालाच देण्याची मुभा होती. त्या रीतीने वीस जणांची शंभर मते एकावर एकवटतात; उरलेली चारशे पाच जणांत वाटली तर प्रत्येकी ऐंशीच. म्हणजे एक पंच निश्चित. परंतु औंधच्या पुढच्या पायरीवर अध्यक्षच जाणार. तो एकटा पंच गावातच राहतो. ग्रामपंचायतींविषयी आंबेडकरांना १९३२ पासून असलेली धास्ती अशा वेळी निव्वळ कटुता वाटत नाही.

स्वतंत्र भारताने १९५१-५२ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ ठेवले, पण दोन्ही मते एकाला देण्याची मुभा ठेवली नाही. उत्तर मुंबईत आंबेडकर पराभूत झाले. तेथे वाया गेलेल्या हजारो मतांचा वाद निवडणूक अर्जापर्यंत पोचला. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले.

औंध १९४८ मध्ये विलीन झाले. पायऱ्यांचा प्रश्न मात्र विलीन झाला नाही: महाराष्ट्राने सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. या तिन्ही वेळच्या चर्चेत औंधचे नाव आमच्या तरी वाचनात आले नाही.