दाबलेली हवा आणि देखभालीचा इतिहास

दाबलेल्या हवेचा, म्हणजे वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली कोंडलेल्या हवेचा, इतिहास सहसा शोधांची वंशावळ म्हणून लिहिला जातो; परंतु ही हवा तयार करणाऱ्या कॉम्प्रेसरची आजची घडण जितकी संशोधकांच्या कल्पकतेतून आली, तितकीच ती झडपा, नळ्या आणि टाक्या राखणाऱ्या कारागिरांच्या रोजच्या अडचणींतूनही आली आहे. लोहाराच्या भात्याचे कातडे वेळच्या वेळी तेल न मिळाल्यास चिरते आणि झोत मंदावतो. दाब वाढला, तशी या दुर्लक्षाची किंमतही वाढत गेली.

आल्प्स पर्वतातील फ्रेजूस, अर्थात माँ सनी, या सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या रेल्वे बोगद्याचे काम १८५७ मध्ये हाताने सुरू झाले आणि १८६१ पासून जेर्मेन सोमेये या अभियंत्याची दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे तेथे वापरात आली. बोरघाटातील २५ बोगदे त्याच सुमारास, १८५६ ते १८६३ या काळात, मजुरांनी पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर, अनेकांनी प्राण गमावून कोरले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बदलाचे मोल कळते. मात्र सोमेयेच्या पहिल्या कॉम्प्रेसरांत उंचावरून कोसळणारा पाण्याचा स्तंभ हवेला एकदम दाबत असे, त्यामुळे प्रत्येक फेरीचा आघात झडपांवर येई, आणि काम चालू असतानाच त्यांच्या जागी संथ गतीचे, पाण्याचाच दट्ट्या असलेले पंपासारखे कॉम्प्रेसर बसवावे लागले. खडकावर अखंड आदळणारी छिद्रणयंत्रेही लवकर झिजत, आणि म्हणून दुरुस्तीच्या कार्यशाळा हा त्या प्रकल्पाचा अविभाज्य भाग ठरला. १८७१ मध्ये बोगदा खुला झाला, तो पाहण्यास सोमेये हयात नव्हता.

पाण्याचा दट्ट्या वापरण्यामागे उष्णतेचे कारणही होते. हवा दाबली की तापते: २० अंश सेल्सिअसची हवा एकाच टप्प्यात, थंड न करता, वातावरणाच्या आठपट दाबापर्यंत नेली, तर तिचे तापमान सुमारे २५० अंशांपर्यंत चढते. पाणी ही उष्णता शोषत असे, पण हवेला ओलही देत असे, आणि तीच ओल पुढे छिद्रणयंत्रातून हवा प्रसरण पावून थंड होताना बाहेर पडण्याच्या मार्गात बर्फ होऊन साचे. दान्येल कोलादाँ याने गोथार्ड बोगद्याच्या (१८७२-१८८२) कामासाठी सिलिंडरमध्ये पाण्याचे बारीक तुषार सोडण्याची रीत आणली; त्यानंतर कोरडे सिलिंडर, त्यांभोवती खेळणारे पाणी आणि दोन टप्प्यांत हवा दाबून मध्ये ती थंड करण्याची पद्धत रूढ झाली.

कोरड्या सिलिंडरला वंगण अपरिहार्य होते, आणि येथूनच देखभालीचे सर्वांत गंभीर प्रकरण सुरू होते. तापलेल्या हवेत तेल जळून त्याची काजळी हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेवर थर धरते. झडप नीट बसत नाही, तापलेली हवा सिलिंडरमध्ये परत शिरते, पुन्हा दाबली जाऊन आणखी तापते, आणि अखेरीस काजळी व तेलाची वाफ पेट घेऊन नळी वा टाकी फुटू शकते. झडपा ठरावीक काळाने उघडून खरवडणे, नेमून दिलेलेच तेल मोजून घालणे आणि आत येणारी हवा गाळणाऱ्या जाळ्या स्वच्छ ठेवणे, ही वरवर कंटाळवाणी वाटणारी कामे या क्रमाची पहिलीच कडी तोडतात, म्हणूनच त्यांना यंत्ररचनेइतकेच महत्त्व द्यावे लागते.

कोकणासारख्या दमट प्रदेशात पाण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. ती आठपट दाबून ४० अंशांपर्यंत निववली की त्यातील बहुतांश पाणी गळून टाकीच्या तळाशी उतरते. तळाची तोटी रोज उघडून ते काढले नाही, तर पत्रा आतून गंजतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३१ व्या कलमाने दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीचा दाब सुरक्षित मर्यादेबाहेर जाऊ न देण्याचे बंधन घातले आणि तपासणी व चाचणीचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. कारण ती मर्यादा पत्र्याच्या जाडीवर ठरते, आणि आतून गंजून पातळ झालेला पत्रा बाहेरच्या रंगाखाली दिसत नाही.