अवतार आभासी, अवमान खरा

महाजालावरील आभासी विश्वात वावरण्यासाठी माणूस जे संगणकीय रूप धारण करतो, त्याला ‘अवतार’ म्हणतात. हा मूळ संस्कृत शब्द लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या १९८६ सालच्या आभासी नगरीने या अर्थाने वापरात आणला. मात्र माणूस अशा विश्वात उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे पूर्वग्रहही उतरतात. अश्लील शेरे, पाठलाग, घोळक्याने घेरणे, अवतारास नकोसा स्पर्श करणे असे प्रकार तेथे घडतात आणि स्त्रियांना त्यांचा जाच विशेष सोसावा लागतो. ‘हा तर केवळ खेळ’ असे म्हणून ते झटकून टाकण्याची प्रवृत्तीही तितकीच जुनी आहे.

या प्रश्नाची पहिली गाजलेली चर्चा चित्रे नसलेल्या, केवळ शब्दांनी उभ्या केलेल्या एका विश्वात झाली. पॅव्हेल कर्टिस या संगणकतज्ज्ञाने १९९० मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात ‘लॅम्बडामू’ सुरू केले. एका मोठ्या हवेलीच्या दालनांत सदस्य वाक्ये टंकून परस्परांशी बोलत. १९९३ मध्ये ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने एका उपप्रणालीच्या आधारे इतरांच्या पात्रांवर ताबा मिळवला आणि ती स्वतःच लैंगिक विटंबनेची कृत्ये करीत आहेत, असा मजकूर सर्वांदेखत झळकवला. शरीराला कोणी बोट लावले नव्हते. परंतु त्या घटनेविषयी लिहिताना एका पीडित स्त्रीच्या डोळ्यांतून खरे अश्रू ओघळत होते. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात हे सारे सविस्तर मांडले. शिक्षेबाबत सदस्यांची सभा भरली, पण निर्णय झाला नाही. अखेर एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अधिकारात ते पात्र कायमचे पुसून टाकले. पुढे कर्टिस यांनी सदस्यांसाठी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली.

शब्दांची जागा त्रिमिती चित्रांनी घेतली, तरी वृत्ती बदलली नाही. ‘सेकंड लाइफ’ हे आभासी विश्व २००३ मध्ये खुले झाले. तेथील जमिनींच्या व्यवहारांतून ‘आनशी चुंग’ या अवतारामागील महिला उद्योजिका प्रसिद्धीस आली. डिसेंबर २००६ मध्ये तिची जाहीर मुलाखत सुरू असताना काही उपद्रवी मंडळींनी मंचावर पुरुषी जननेंद्रियाच्या उडत्या प्रतिमांचा वर्षाव केला. यशस्वी स्त्रीला गप्प करण्यासाठी तिच्या कामावर नव्हे, तर तिच्या स्त्रीत्वावर घाला घालण्याची ही जुनीच रीत होती.

अवतार स्त्रीरूपी असलाच पाहिजे असेही नाही. ‘हेलो ३’ या नेमबाजीच्या खेळात अमेरिकी संशोधकांनी ध्वनिमुद्रित वाक्ये वापरून एक प्रयोग केला. २०१३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, स्त्रीच्या आवाजाला पुरुषी आवाजाच्या तिप्पट नकारात्मक शेरे ऐकावे लागले. ‘क्विव्हर’ या धनुर्विद्येच्या खेळात सर्व खेळाडू सारखेच दिसत: शिरस्त्राण, तरंगते हात आणि धनुष्य. तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये एका स्त्रीने लिहिले, की आवाजावरून ती स्त्री असल्याचे कळताच एका खेळाडूने तिच्या अवताराच्या छातीच्या जागी चाळे सुरू केले आणि नकार देऊनही तिचा पाठलाग केला. डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमध्ये दृश्य चहूबाजूंनी वेढून असते; समोरचा हात आपल्याच अंगावर येतो आहे असे भासते. म्हणूनच अशा अनुभवाचा धक्का पडद्यावरील चित्रापेक्षा अधिक तीव्र असू शकतो.

‘क्विव्हर’च्या निर्मात्यांनी सबबी पुढे केल्या नाहीत. खेळाडूने ठरावीक हातवारा करताच जवळ आलेला उपद्रवी अवतार दिसेनासा होईल, अशी सोय त्यांनी तातडीने केली. मेटा कंपनीच्या ‘होरायझन वर्ल्ड्स’मध्ये मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये एका चाचणी-सदस्येने अशीच तक्रार केली, तेव्हा तिने उपलब्ध सुरक्षा-सुविधा वापरायला हवी होती, असा कंपनीच्या पाहणीचा सूर होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचे अंतर आपोआप राखणारी मर्यादारेषा आणली.

कायद्याची वाट याहून बिकट आहे. सोळा वर्षांखालील एका मुलीच्या अवतारावर अनेकांनी अत्याचार केल्याच्या तक्रारीचा ब्रिटनमध्ये पोलीस तपास सुरू असल्याचे वृत्त जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील २००३ च्या कायद्यात लैंगिक हल्ल्यासाठी प्रत्यक्ष स्पर्श आवश्यक मानला आहे. अवताराला त्वचा नसते.

तांत्रिक कवच उपयुक्त खरे, पण ते चढवण्याची जबाबदारी बहुधा पीडितेवरच येते. रात्री एकटी बाहेर पडू नकोस, हा उपदेश आणि ‘कवच का वापरले नाहीस’ हा प्रश्न यांत फारसे अंतर नाही. अवतार पुसता येतो. त्यामागच्या माणसाला झालेला मनस्ताप पुसता येत नाही. म्हणून मर्यादा घालायची ती त्रास सोसणाऱ्याच्या वावराला नव्हे, तर त्रास देणाऱ्याच्या वर्तनाला.